देवाची आजी

मी क्वालिटी इंजिनिअर आहे. म्हणजे लोकांच्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचा आणि ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, याचा फॉर्म त्यांच्याकडून भरून घ्यायचा, यासाठी मला पगार मिळतो. डब्लिनपासून अडीच तासांवरच्या गॉलवेच्या ज्या कारखान्यात मी जातो तिथे हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या, शेवयांसारख्या बारीक नळ्या बनतात. नळीवर केसाएवढा ओरखडा असला तरी मला दिसतो. घरी मात्र कपाळावर चढवलेला चष्मा सापडत नाही, असं बायको म्हणते. या हकिगतीनंतर तिचं म्हणणं खोडून काढायची माझी हिंमत राहिलेली नाही.

आमचं घर जोडघर आहे. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक भाचा किलकेनीला. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हिरवळ कापण्यात तीन चुका काढल्या आणि मग चहाला बोलावलं. तेव्हाच मी ते चित्र पाहिलं.

पोस्टकार्डाहून जरासं मोठं. शेगडीच्या धुराड्याच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही अशा भिंतीवर. पिवळट कागद, तपकिरी शाई, त्यावर पातळ पाण्यासारखा तपकिरी रंग. एक म्हातारी खुर्चीत बसली आहे, तिच्या गुडघ्याला टेकून एक लहान मुलगी उभी आहे. म्हातारीच्या मांडीवर पुस्तक, आणि मुलीचं बोट एका ओळीवर.

"ही मुलगी पुढे देवाची आई होणार आहे," बाई म्हणाल्या. "आणि ही तिची आई. वाचायला शिकवतेय."

"म्हणजे देवाची आजी," मी म्हणालो.

बाई कप खाली ठेवून हसल्या. "जन्मभर चर्चला जातेय मी, पण हिची अशी ओळख कुणी करून दिली नव्हती."

चित्र त्यांच्या सासरकडून आलेलं. काढणाऱ्याला त्या 'युअर मॅन' म्हणायच्या. इथे समोर नसलेल्या कुठल्याही बाप्याला तसंच म्हणतात, मग तो दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मेलेला का असेना. हा युअर मॅन पोटासाठी श्रीमंतांचे चेहरे काढायचा. हस्तिदंताच्या नाण्याएवढ्या चकतीवर. बायका ते लॉकेटात घालून गळ्यात मिरवायच्या. सगळं आयुष्य त्यात गेलं, आणि मधेच कधीतरी त्याने हे एक चित्र काढलं. कुणासाठी, ते कुणालाच माहीत नाही.

"त्याला पवित्र चेहरा काढता येत नव्हता," बाई म्हणाल्या. "समोर माणूस बसवल्याशिवाय हातच चालायचा नाही त्याचा. म्हणून इथेही कुणाला तरी बसवलंय. नीट बघ. ही कुणाची तरी खरी आई आहे. पाय दुखतायत हिचे."

मी खिशातलं भिंग काढलं. कामाची सवय, भिंग माझ्या खिशात असतंच. लुगडं, म्हणजे तो झगा, खुर्ची, पुस्तक, सगळं चारदोन झटक्यांत मारलेलं. पण चेहरे मात्र रेषांचे नव्हतेच. नुसते ठिपके. एका केसाच्या कुंचल्याने ठिपक्याशेजारी ठिपका ठेवत, गालाची सावली, डोळ्याखालची सूज, कपाळावरची एक आडवी सुरकुती. बाकीचं चित्र एका दुपारचं असेल, चेहऱ्यांना महिना लागला असेल. आणि खरंच, पाय दिसत नव्हते तरी ते दुखत होते.

बाई त्या चित्राला 'हरसेल्फ' म्हणायच्या. आपण घरातल्या मोठ्या बाईला 'बाईसाहेब' म्हणतो ना, अर्धं चेष्टेने अर्धं घाबरून, तसं. संध्याकाळी पेपर वाचताना त्या हरसेल्फला हवामान सांगायच्या. भिंत पातळ आहे, आम्हाला ऐकू यायचं.

दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात बाई स्वयंपाकघरात पडल्या. भिंतीवर काठी आपटल्याचा आवाज आला म्हणून मी धावलो. खुबा मोडला होता. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मला दारातच थांबवलं, मास्क, अंतर वगैरे. स्ट्रेचर बाहेर आला तेव्हा बाईंचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण आवाज वर्गातलाच.

"हरसेल्फला तुझ्याकडे घेऊन जा. घरात शेगडी पेटलेली नसली की ओल येते. मी आले की परत दे."

"हो."

"ऐक. उजेडात ठेवायची नाही. रेडिएटरवर टांगायची नाही. आणि मागची बाजू उघडायची नाही."

"हो, हो. तुम्ही काळजी..."

"मागची बाजू उघडायची नाही," त्या पुन्हा म्हणाल्या आणि दार लागलं.

भाचा किलकेनीहून फोनवर रडकुंडीला आला होता, पण करोनाच्या नियमांमुळे त्याला जिल्हा ओलांडता येत नव्हता. म्हणून जगात त्या चित्राला कोण, तर मी. सहा-आठ आठवडे, फार तर. मग बाई परत येणार आणि चित्र भिंतीवर जाणार. एवढंच काम होतं.

आमच्या घरी तेव्हा आई होती. जानेवारीत तीन महिन्यांसाठी आलेली, मार्चात विमानं बंद झाली आणि ती इथेच अडकली. वडील कोल्हापुरात थोरल्या भावाकडे. रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर ती त्यांना विचारायची, "गोळी घेतली का?" आणि ते तिला विचारायचे, "कवा येतीस?" आणि मग दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्या खिशात असल्यासारखे दोघंही माझ्याकडे बघायचे. आईचा बाकी वेळ नातीला बाराखडी शिकवण्यात जायचा. नात नऊ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र पक्क्या गॉलवेच्या इंग्रजीत. आई 'कमळ काढ' म्हणायची, ही म्हणायची, "ॲम आफ्टर डुइंग इट, आजी." म्हणजे, हे काय, आत्ताच काढलं.

चित्र आणलं आणि पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखं कपाटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर काचेच्या आतून, खालच्या कोपऱ्यात, धुकं. बाईंच्या गार घरातून आमच्या ऊबदार घरात आल्यावर आतली ओल काचेला लागली होती. दुसरा कुणी असता तर घाबरून गप्प बसला असता. पण मी क्वालिटीतला. मी आर्द्रता मोजायचं यंत्र मागवलं. इंटरनेटवर तीन लेख वाचले. बुटांच्या खोक्यांतल्या त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या वर्षभराच्या साठवलेल्या होत्या, त्या बाहेर काढल्या. आणि एका शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर, हातमोजे घालून, पातळ पात्याने मी मागची बाजू उघडली.

"तुला नको म्हणाल्या होत्या ना?" बायकोने विचारलं.

"त्यांना ओलीचं शास्त्र माहीत नाही."

"अच्छा. आणि तुला देवाच्या आजीचं माहीत आहे."

कागद सुखरूप बाहेर आला. आता तो दोन दिवस कोरड्या, अंधाऱ्या, हात न लागणाऱ्या जागी ठेवायचा होता. अशी घरात एकच जागा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमचे देव स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये राहतात, कारण बाहेर उदबत्ती लावली की छतावरचा अलार्म किंचाळतो. त्या प्रेसचं दार आईशिवाय कुणी उघडत नाही आणि आई सोवळ्याच्या हाताने उघडते. माझ्या कारखान्यातल्या क्लीनरूमहून स्वच्छ. मी स्वच्छ पुठ्ठ्यावर चित्र ठेवलं, चार बाजूंना चार पुड्या, आणि मागच्या फळीला टेकवलं.

"काय ठिवलंय रं?" आई मागे येऊन उभी.

"शेजारच्या बाईंचा देव आहे. कुणाला हात लावू देऊ नकोस."

"कंचा देव?"

"देवाची आजी."

आईने पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिली. "बग की," ती म्हणाली, "देवाला बी आजी आसती. आमाला कुनी सांगितलंच न्हाई." आणि मग हळूच, "पाय दुकत्यात वाटतं बिचारीचं."

मला वाटलं, काम झालं. 'महाग आहे', 'जुनं आहे', 'दुसऱ्याचं आहे' असं म्हटलं असतं तर कुणीतरी कुतूहलाने उचलून बघितलं असतं. 'देव आहे' म्हटल्यावर कोण हात लावणार? या युक्तीचा मला दोन दिवस अभिमान वाटला. देव म्हटल्यावर आपल्याकडे त्या गोष्टीचं काय करतात, हे मात्र अशाच घरात लहानाचा मोठा होऊनही मला आठवलं नाही.

नवरात्र सुरू झालं होतं. सोमवारी शिफ्ट संपवून चारला घरी आलो तर दार लेकीने उघडलं.

"डॅड," ती म्हणाली, "डोन्ट फ्रीक आऊट."

प्रेस उघडा होता. पुढ्यात कुंडीत रुजत घातलेले गव्हाचे दाणे, बॅटरीवर मिणमिणणारा दिवा, अन्नपूर्णा, अंबाबाईचा फोटो. आणि शेवटी, कपाळावर आधी हळदीचं बोट आणि त्यावर ठसठशीत, गोल, लालभडक कुंकू लावलेली देवाची आजी.

मी काहीतरी ओरडलो. काय ते आठवत नाही, पण आईच्या हातातली वाटी खाली पडली.

"काय केलंस हे!"

"का? काय झालं?" आईला खरंच कळेना. "घरातल्या समद्यास्नी लावलं. हिलाच कसं वगळायचं? पावनी हाय ती आपल्यात. नवरात्रात घरी आलेल्या बाईला मोकळ्या कपाळानं बशीवत्यात का कुनी?"

"कागद आहे तो! अडीचशे वर्षांचा!"

"मंग कागदाचा देव म्हनून सांगायचं हुतं. तू देव म्हनलास."

"शी लुक्स ग्रँड, डॅड," लेक मधेच. इथे छान म्हणजे ग्रँड. "शी लुक्स लाइक आजी नाऊ."

भिंग लावून पाहिलं. आईचं बोट अनुभवी. कुंकू दोन भुवयांच्या बरोबर मधोमध, पाण्याचा अगदी कमी हात, कडा गोल. चित्रातल्या पोरीच्या कपाळाला हात लावला नव्हता. "पोर हाय, तिला टिकली लावायची हुती, पन नख एवडं बारीक न्हाई माझं," असं आईचं स्पष्टीकरण. आता विचार करतो तेव्हा वाटतं, तेव्हाच थांबायला हवं होतं. कागद तसाच परत फ्रेममध्ये घालायचा, बाईंना फोन करायचा, आणि सांगायचं की माझ्या आईने तुमच्या आजीला हळदीकुंकू केलं. बाई कदाचित चिडल्या असत्या. पण एक गोल ठिपका होता. युअर मॅनच्या हजारो ठिपक्यांत आणखी एक, जरा मोठा.

पण मी थांबलो नाही. डाग काढायचं मला ट्रेनिंग आहे.

पुढच्या शनिवारी दुपारी, घरात कुणी नसताना, म्हणजे तिघी परवानगीच्या पाच किलोमीटरच्या आतल्या समुद्रकाठी फिरायला गेल्या असताना, मी काम सुरू केलं. कागदावर पायऱ्या लिहिल्या. एक, मऊ ब्रशने सुटी पूड काढणे. ती निघाली. दोन, कापसाच्या बोळ्याने अल्कोहोल अगदी हलकं टेकवणे. कारखान्यात आम्ही सगळं त्यानेच पुसतो. मी हलकं टेकवलं. अर्ध्या सेकंदात तो गोल ठिपका फुटला. लाल आणि पिवळा मिळून एक नारिंगी ढग झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत कपाळभर, एका भुवईवरून, डोळ्याखालच्या त्या सुजेपर्यंत पसरला. मी बोळा उचलला, कोरड्याने टिपलं, टिपल्याने आणखी पसरलं. देवाच्या आजीला ताप भरल्यासारखा तिचा चेहरा झाला. तिसरी पायरी कागदावर लिहिलेली होती ती अशी : 'निकाल तपासणे.'

मी चित्र परत प्रेसमध्ये ठेवलं. तिघी परत आल्या. आईने प्रेस उघडला आणि जागच्या जागी बसली.

"आगं आई. हे काय झालं?"

"कुंकू ओलं होतं," मी म्हणालो. "पसरलं."

एवढंच म्हणालो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. दिवसाला असे दहा रिपोर्ट मी लोकांच्या तोंडावर परत फेकतो.

बायकोने माझ्याकडे बघितलं, कचऱ्याच्या डब्यातल्या नारिंगी बोळ्यांकडे बघितलं, आणि आईसमोर काही बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

आईने त्या दिवसापासून चहातली साखर सोडली. "त्या बाईच्या हातात तिचा देव जाईस्तोवर," असं तिने प्रेससमोर उभं राहून सांगितलं. आई तीन चमचे साखर घेणारी बाई. आता कडू चहाचा घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "माझ्या हातानं झालं." मी समोर बसून माझा गोड चहा प्यायचो. रोज दोनदा. सांगावंसं वाटायचं, आणि तेवढ्यात वडिलांचा फोन यायचा, किंवा लेकीचं काहीतरी, किंवा खरं सांगायचं तर काहीच यायचं नाही आणि मी कप उचलून सिंककडे जायचो.

बाई हॉस्पिटलातून एका नर्सिंग होममध्ये गेल्या, बावीस किलोमीटरवर. चालायला लागेपर्यंत, असं ठरलं होतं. दर रविवारी अकराला मी फोन करायचो.

"हरसेल्फ कशी आहे?" हे पहिलं वाक्य.

"ग्रँड."

"उजेडात नाही ना?"

"नाही, नाही. अंधारात आहे."

"रेडिएटर?"

"लांब."

"आणि मागची बाजू?"

"हॅलो? हॅलो, तुमचा आवाज तुटतोय..."

हे मी एकदा नाही, लागोपाठ पाच रविवार केलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

डिसेंबरात जरा सैल झालं. खिडकीबाहेर उभं राहून भेटता येईल, असं होमने कळवलं. बाई फोनवर म्हणाल्या, "ख्रिसमसच्या आधी हरसेल्फला आण. आत नको देऊस. इथे आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला ते फवारा मारून पुसतात, एका बाईच्या नातवाचा फोटो पुसून पांढरा केला. खिडकीतून दाखव. मला फक्त बघायचीय. इथल्या भिंतीवर हॉटेलातल्यासारखं होडीचं चित्र आहे, त्या होडीशी काय बोलू मी?"

मी म्हणालो, या शनिवारी पाऊस आहे. गॉलवेत हे कारण कधीच खोटं पडत नाही. पुढच्या शनिवारी म्हणालो, मोठा पाऊस आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी बाईच म्हणाल्या, "पाऊस असेल ना?" आणि फोन ठेवला.

"तू पावसाला घाबरत नाहीयेस," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

मग काय. मी डब्लिनमधल्या एका जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईला फोटोसकट मेल पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं : 'कृपया काहीही करू नका.' आणि खाली, बहुधा माझ्या पायऱ्या वाचून, 'यापुढे' असा एक शब्द वेगळ्या ओळीत.

जानेवारीत सगळं पुन्हा बंद झालं, या वेळी घट्ट. पाच किलोमीटर. होममध्ये आजार शिरला. रविवारी अकराला फोन केला तर नुसता वाजत राहिला. दुसऱ्या रविवारीही. मग रोजच लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून मी तो नंबर लावायचो. एकदा कुणीतरी धापा टाकत उचलला आणि म्हणाली, त्या आजारी आहेत, तुम्ही नातेवाईक आहात का? मी म्हणालो शेजारी. ती म्हणाली, सॉरी लव्ह, आणि फोन गेला. किलकेनीच्या भाच्यालाही याहून जास्त काही कळत नव्हतं. तो मला विचारायचा, मी त्याला.

आता मला जायचं होतं. आता पाऊस पडो, वादळ येवो, चित्र छातीशी धरून बावीस किलोमीटर चालत जायचीही माझी तयारी होती, आणि आता कुणी मला सहाव्या किलोमीटरपर्यंतही जाऊ देत नव्हतं. डिसेंबरातले तीन शनिवार मला रोज आठवायचे. हो, त्यांतले दोन कोरडे होते.

आई प्रेससमोर बसायची. चित्र मी परत फ्रेममध्ये घातलं होतं, पण ते ठेवलं तिथेच. "तुजी मैत्रीण बरी हूं दे," ती त्या नारिंगी चेहऱ्याला सांगायची. "माझी चूक हाय, तिला कशापायी शिक्षा?" मग उठून कडू चहा करायची. मी सांगितलं नाही. आता तर इतके दिवस झाले होते की सांगणं म्हणजे दुसराच गुन्हा कबूल करणं.

फेब्रुवारीत बाईंचाच फोन आला. आवाज ओळखू येईना. "अजून आहे मी," त्या म्हणाल्या. नंतर श्वास घेतला. "घरी नाही येत आता. डॉक्टर म्हणतात, पाय नाही चालणार." पुन्हा श्वास. "हरसेल्फ?"

माझ्या तोंडून ग्रँड निघेना. "आहे," मी म्हणालो.

मार्चच्या शेवटी परवानगी मिळाली. आत एकालाच, पण बाईंनी निरोप दिला होता : खिडकीशी, फवारा नको. आई म्हणाली मी पण येणार. साडीवर माझा जुना कोट, पायात लेकीचे गुलाबी मोजे, कपाळावर रोजचं कुंकू. मी छत्री घेतली. वाटेत गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, थांबवलं, कुठे निघालात? मी होमचं पत्र दाखवलं. त्याने मागच्या सीटवरच्या आईच्या मांडीवरचं, टॉवेलात गुंडाळलेलं पुडकं पाहिलं आणि काही न विचारता हात हलवला.

होमच्या मागे हिरवळ होती. तळमजल्याच्या खिडकीपाशी बाईंची चाकाची खुर्ची आणून ठेवली होती. अर्ध्या झाल्या होत्या त्या. एका मुलीने त्यांच्या कानाशी फोन धरला, बाहेर मी माझा धरला. आणि इतके महिने ज्याची कारणं दिली तो पाऊस त्या दिवशी नव्हता. लख्ख ऊन होतं.

"दाखव," बाई म्हणाल्या.

आईने टॉवेल सोडला. मी चित्र काचेला टेकवलं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, पुढे झुकल्या. त्यांचं नाक काचेला लागलं. मी फोनमध्ये नुसता त्यांचा श्वास ऐकत होतो. मग आवाज आला.

"हिला कुणी हात लावला?"

आईला इंग्रजी येत नाही, पण असल्या प्रश्नाला भाषा लागत नाही. तिने स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, मग चित्राकडे, मग छातीवर हात ठेवला आणि दोन्ही कान धरले.

बाईंनी आईकडे पाहिलं. तिच्या कपाळाकडे. मग पुन्हा चित्राकडे. त्यांनी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या होत्या, कुणी काय लिहिलं आणि कुणी खोडलं हे त्यांना कळत होतं.

"ठिपका हिचा असेल," त्या म्हणाल्या. "हे पुसलंय कुणी?"

"मी."

"मागून उघडलीस."

"हो."

"कधी?"

"ऑक्टोबरात. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या आठवड्यात."

आई माझी बाही ओढत होती. "काय म्हनत्यात? माझं नाव घेतलं का? सांग त्यास्नी, चुकून झालं म्हनावं."

"तुझं नाही," मी मराठीत म्हणालो. फोन कानालाच होता. "तू लावलेलं नीट होतं. ते मी पुसायला गेलो. मी पसरवलं."

आईने बाही सोडली. "तू?"

"हो."

"म्हंजी माझ्या हातानं न्हाई झालं?"

"नाही."

"पाच म्हैनं," आई म्हणाली. तिचा आवाज चढत गेला आणि हिरवळीपलीकडच्या एका माळ्याने मान वर केली. "पाच म्हैनं मी देवाफुडं नाक घासतीया, काढा पिल्यागत च्या पितीया, आन् तू फुड्यात बसून साकर ढवळतूयास? लाज न्हाई वाटली रं?"

"वाटली."

"काय उपेग! आता तूच सोड साकर. जल्मभर."

आत बाईंनी फोन धरलेल्या मुलीला काहीतरी विचारलं. मग माझ्या कानात म्हणाल्या, "तुझी आई तुला रागावतेय का?"

"हो."

"चांगलं रागावतेय?"

"खूप."

"मग मी माझा श्वास वाचवते," बाई म्हणाल्या.

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं, हसतील. त्या चित्राकडे बघत होत्या आणि त्यांची हनुवटी हलत होती. त्या भिंतीवरच्या चेहऱ्याची त्यांनी मनात पाच महिने आठवण ठेवली होती आणि समोर आलेला तो नव्हता. मला ते भिंगाशिवाय दिसत होतं. माझ्याकडे त्यावर कुठलाही फॉर्म नव्हता.

"पाय अजून दुखतायत तिचे," त्या शेवटी म्हणाल्या. मग एकदम, वर्गातल्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढ्या : "काय सांगितलं होतं तुला? उजेडात ठेवायची नाही. ऊन पडलंय तिच्यावर!"

मी घाईने चित्र काचेवरून काढून टॉवेलात घालायला लागलो. आतून बाईंनी काचेवर बोटाने टकटक केली.

"आत ठेव म्हणाले का मी? मला अजून बघायचीय."

मी टॉवेल हातात धरून उभा. ऊन सरळ खिडकीवर. मग आईनेच माझ्या दंडाला अडकवलेली छत्री काढली, खटकन उघडली आणि चित्रावर धरली. गॉलवेत इतकी वर्षं राहिलो, उन्हासाठी छत्री उघडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी चित्र पुन्हा काचेला टेकवलं. छत्रीच्या सावलीत तो नारिंगी रंग जरा निवला. की मला तसं वाटलं.

बाईंनी फोन धरलेल्या मुलीचा हात बाजूला केला. त्यांना आता आमच्याशी बोलायचं नव्हतं. ओठ हलताना दिसत होते, काचेपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. हवामान सांगत असाव्यात.

"हात भरून आला तर सांग," मी आईला म्हणालो.

"गप उबा रहा," आई म्हणाली.